लताचं नाक

हे मी अजून कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलीजवळ नाही — आणि जिच्याजवळ बोलायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. कसलं सोपं? दोनदा सुरुवात केली, दोनदा उठले, स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसला. आता बसलेय. आता सांगतेच.

मी शोभा. मूळची भंडाऱ्याकडची, तळ्यांच्या मुलखातली. दिल्लीत, मासळीवर आणि एकूण अन्नावर देखरेख ठेवणाऱ्या एका सरकारी कार्यालयात जन्म गेला म्हणा ना. कार्यालयाचं नाव कशाला हवं? काम सांगते. मी मासे हुंगायची. हसू आलं ना — येऊ द्या, माझ्या मुलीलाही यायचं. शाळेत कुणी विचारलं की ती ‘मम्मी ऑफिसर है’ म्हणायची आणि झटकन विषय बदलायची. पण ती नोकरी होती, पगारी होती, आणि मी त्यात उत्तम होते. हे मी नम्रपणे सांगणार नाही, कारण मी नम्र नाही.

सरकारी कँटीनना, वसतिगृहांना जी मासळी जाते ती लांबून, बर्फात येते. गाडी कितीही थंड असो, पुरवठादाराचे कागद कितीही चोख असोत, शेवटी कुणीतरी माशाच्या कल्ल्यावरचं झाकण बोटानं उचलून नाक खाली न्यावंच लागतं. प्रयोगशाळा असते हो, पण तिचा निकाल येईस्तोवर मासा कुणाच्या तरी पोटात गेलेला असतो. म्हणून वासाचं पॅनेल. चार माणसं, स्टीलचं लांब टेबल, ट्रेमध्ये मासे. त्या दिवशी अत्तर नाही, पावडर नाही, वेलचीचा चहा नाही. प्रत्येकानं आपापला वास घ्यायचा, दुसऱ्याकडे न बघता गुण द्यायचे, असा नियम. आणि रीत? रीत अशी की आधी शोभा मॅडम वास घेणार, बाकीचे तिच्या तोंडाकडे बघणार, आणि मग सगळे ‘स्वतंत्रपणे’ तेच गुण देणार. नियम दिल्लीत तयार होतात, रीतही दिल्लीतच तयार होते, आणि दोघांची गाठ क्वचित पडते.

मला त्याचं वाईट वाटायचं का? छे. मला बरंच वाटायचं. मोठमोठ्या बैठका होतात, लोकांच्या ताटात मासळी वाढली पाहिजे म्हणून धोरणं ठरतात, शीतगाड्यांना अनुदानं मिळतात — पण त्या सगळ्याच्या टोकाला काय असतं? कुणीतरी एकानं वास घेतलेला असतो, आणि बाकी सगळ्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवलेला असतो. सरकार म्हणजे मला तरी एवढंच कळलं. आणि तो वास घेणारी मी होते.

अजून एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही बौद्ध. नोकरीला लागले तेव्हा माझ्या पाठीमागे काय बोललं जायचं ते मला ऐकू यायचं — कोट्यातून आलीय, बसवलीय. प्रमोशन झालं की पुन्हा तेच. पण पॅनेलवर बसले की सगळे गप्प. दोन दिवसांपूर्वीचा बर्फ मला कळायचा, डिझेलच्या गाडीत ठेवलेली पेटी कळायची. एकाला मी तोंडावर सांगितलं होतं, नाकाला कोटा नसतो भाऊ. तो खजील झाला, आणि मी ते वाक्य मनात किती वर्षं घोळवलं. हे मी कारण म्हणून सांगतेय. सबब म्हणून नाही. सबब होऊच शकत नाही, कारण लताचंही तेच होतं.

लता नांदेडची. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, तीही बौद्ध, तीही तेच टोमणे ऐकत वर आलेली. तिच्याजवळ गमावण्यासारखं जे होतं ते माझ्याइतकंच होतं. आमच्या ऑफिसात ती आली तेव्हा तिला पॅनेलवर मीच घेतलं. आर. के. पुरमला आमची क्वार्टर्स दोन गल्ल्या सोडून. माझा नवरा नागपुरात, बँकेतली नोकरी सोडून दिल्लीला यायला तयार नव्हता — सुट्टीपुरता नवरा, मी म्हणायची. त्यामुळे माझे सणवार, आजारपण, चौदा एप्रिल, सगळं लताकडे. ती मला ताई म्हणायची. नुसतं तोंडदेखलं नाही, खरंच मोठ्या बहिणीचं ऐकावं तसं माझं ऐकायची. मी बोलायला फटकळ, ती शांत. मी चार माणसांत तिला टोकायची, आणि ती हसून ‘अच्छा बाबा, तू म्हणशील तसं’ म्हणायची.

आणि आमची एक गंमत होती. गुणपत्रकावर आकडेच असतात, आणि हिंदीत ऑफिसला दोनच वास ठाऊक — खुशबू आणि बदबू. आम्ही दोघी मात्र टेबलाच्या दोन टोकांना बसून हळूच मराठीत बोलायचो. कुबट. खवट. ओशट. करपट. आंबूस. एकेका वासाला एकेक शब्द. रावतजी नावाचे आमचे एक सहकारी होते, ते म्हणायचे, तुम्हा दोघींची ही कुठली गुप्त भाषा? माझ्या मुलीला यातले निम्मे शब्द येत नाहीत. तिला कुबट म्हटलं तर ती ‘यू मीन स्टिंकी?’ विचारते. लताजवळ ते शब्द होते. दिल्लीत मला दुसरं कोण होतं? हे आता कळतंय असं नाही. तेव्हाही कळत होतं. म्हणून तर —

थांबा. क्रमानं सांगते.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघी एकाच आठवड्यात पडलो. मी घरात एकटी, मुलगी गुडगावला तिच्या फ्लॅटमध्ये अडकलेली. बरी झाले, ताप उतरला, आणि एका दुपारी तोंडाला चव यावी म्हणून सुकट भाजायला घेतली. क्वार्टरमध्ये सुकट भाजायची म्हणजे काय ते तिथं राहिलेल्यालाच कळेल — खिडक्या लावायच्या, दाराखाली टॉवेल घालायचा, तरी वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन नाक मुरडणारच. मी तवा ठेवला आणि खिडकीशी उभी राहिले. मग दारावर धपाधप. वरच्या बाई, तोंडाला पदर लावून: ‘कुछ जल रहा है आपके यहाँ!’ मी वळून बघितलं. स्वयंपाकघर धुरानं भरलेलं. तव्यावर सगळं कोळसा. आणि मला — काही नाही. धूर डोळ्यांना झोंबत होता, नाकाला तो नव्हताच.

डॉक्टर म्हणाले, येईल परत, काही महिने लागतात. लवंग हुंगा, कापूर हुंगा, सकाळ-संध्याकाळ. हुंगलं. मन लावून हुंगलं. नाही आलं. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येतं, पण कांदा येत नाही. स्वतःच्या अंगाला घामाचा वास येतोय का हे कळत नाही, म्हणून मी लोकांपासून जरा लांब उभी राहायला लागले. उशीला, साडीला, कपाटाला, कशालाच काही नाही. घराला वास नसला ना, की ते कुणाचंही घर वाटतं. मी माझ्याच घरात पाहुण्यासारखी राहायला लागले. हे कुणाला कळत नाही, कारण दिसत नाही. आंधळ्याला लोक हात देतात. नाक गेलेल्या बाईला कोण काय देणार?

लताचंही गेलं होतं. तिनं मला फोन करून सांगितलं, रडली. मी तिला धीर दिला. ‘आणि तुला येतंय ना गं ताई?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, मला कसली धाड भरलीय. — बघा, खोटं इथून सुरू झालं. इतकं लहान होतं. पंधरा-वीस दिवसांनी तिचा परत फोन, आवाज नुसता नाचत होता: ताई, शेजारी कुणीतरी बटाटा जाळलाय आणि मला कळलं. ती हसत होती आणि मी ‘वा, छान झालं’ म्हणत होते. मला तिचा राग आला होता. साधा, सरळ राग. तिला का, मला का नाही?

ऑफिस पूर्ववत झालं तेव्हा पहिल्या पॅनेलच्या दिवशी मी ठरवून गेले होते की सांगायचं. साहेबांना सांगायचं, मला उतरवा. दारातच रावतजी भेटले आणि चारचौघांत म्हणाले, ‘चलो, मॅडम आ गईं, अब पॅनेल में नाक आ गई.’ सगळे हसले, मीही हसले. आणि जाऊन बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढे दीड वर्ष मी डोळ्यांनी वास घेतला. माशाचा डोळा फुगीर आहे का, कल्ले लाल आहेत का, बोट दाबलं की मांस वर येतं का — यावर शंभरातली नव्वद मासळी कळते. उरलेल्यासाठी लताचा चेहरा होता. तिला वाईट वास आला की तिची डावी भुवई किंचित हलायची, तिला स्वतःलाही ते माहीत नसेल. मग मी नवी पद्धत काढली: मी शेवटी वास घेणार, आधी तुम्ही सगळे. साहेब खूश. म्हणाले, आता नियमाप्रमाणे चाललंय, यालाच लीडरशिप म्हणतात. माझ्या खोटेपणामुळे तो नियम पहिल्यांदा पाळला गेला. पण गंमत ऐका — बाकीच्यांची सवय कुठे जातेय? ते वास घेऊनही माझ्याच तोंडाकडे बघायचे. ते माझ्याकडे बघणार, मी लताकडे बघणार. एवढ्या मोठ्या शहराच्या कँटीनमध्ये जाणारी मासळी एका बाईच्या भुवईवर चालली होती, आणि त्या बाईला पत्ता नव्हता.

मग तो दिवस. मंत्रालयातून एक वरिष्ठ अधिकारी पाहणीला आले होते. मासळीचा पुरवठा वाढवायची योजना होती, तिच्यासाठी आमचं पॅनेल कसं चालतं ते त्यांना बघायचं होतं. साहेबांनी मला पुढे केलं: ‘पहले शोभा मॅडम दिखाएँगी.’ मी म्हटलं, नको, आपण आधी बाकीच्यांना — पण ते पाहुणे हसून म्हणाले, आपका बहुत नाम सुना है. काय करणार होते मी? रोहूचा ट्रे होता. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, वर ताजा बर्फ. मी झाकण उचललं, नाक खाली नेलं, सराईत माणसासारखे डोळे मिटले. थंडगार हवा आत गेली, बस्स. ‘बिल्कुल ठीक है,’ मी म्हटलं. रावतजींनी वास घेतला, माझ्याकडे बघितलं, मान डोलावली. चौथे तर काय, रावतजींच्या मागे.

लतानं वास घेतला. तिची भुवई हलली. पण मी आधीच बोलून चुकले होते.

आता हे नीट ऐका. तिनं मोठ्यानं काही म्हटलं नाही. ती माझ्याकडे किंचित वाकली आणि हळूच मराठीत म्हणाली, ‘ताई, परत एकदा बघ ना. कल्ल्यात आंबूस येतंय.’ मराठीत. म्हणजे त्या खोलीत फक्त मला कळावं असं. मला चूक सुधारायची संधी देत होती ती, माझी लाज राखत होती. मी नुसतं पुन्हा वाकायचं होतं आणि म्हणायचं होतं, हो, बरोबर. पाहुण्यांना वाटलं असतं, काय बारकाई आहे. एवढं सोपं होतं.

मी तिला हिंदीत उत्तर दिलं. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘लता, कोविड के बाद से तुम्हारी नाक ठीक नहीं है. तुमने ही बताया था मुझे.’

पाहुण्यांनी साहेबांना विचारलं की मग या पॅनेलवर कशा? साहेब चाचरले. लता उभी होती, हातमोजे घातलेले दोन्ही हात वर धरून, जसे आम्ही धरायचो, कुठे लागू नयेत म्हणून. तिनं मला खोटं पाडलं असतं तर? पाडू शकली असती. ‘माझं नाक आलं होतं परत, दीड वर्षापूर्वीच,’ एवढंच तिनं म्हणायचं होतं. ती गोंधळली. माझ्याबद्दल नाही, स्वतःबद्दल. मला ते तिच्या तोंडावर दिसलं — ती आठवून बघत होती की आपल्याला खरंच आलं होतं का.

त्या ट्रेवरून सगळ्या गाडीला मंजुरी गेली. दुसऱ्या दिवशी एका वसतिगृहाच्या कँटीनवाल्याचा मला थेट फोन: मॅडम, माल पकवण्यासारखा नव्हता, कल्ले उघडले तर वास मारत होता, फेकून दिला. मी म्हटलं, तुमच्याकडे उतरवताना बर्फ वितळला असणार. तो गरीब माणूस ‘जी, जी’ म्हणाला. कुणी खाल्लं नाही, कुणी आजारी पडलं नाही. हे मी इतके दिवस स्वतःला सांगत आलेय. कुणाचं काही बिघडलं नाही. लता सोडून.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही वाटतं की इथंच थांबावं. भर खोलीत घाबरले, तोंडातून निघून गेलं, माणूस घाबरतो — लोक समजून घेतील अशी ही चूक आहे. पण मला जे सांगायचंय ते हे नाही. ते पुढच्या रविवारचं आहे.

रविवारी सकाळी लता माझ्याकडे आली. रागावून नाही. हातात पिशवी, पिशवीत स्टीलच्या छोट्या डब्या. मसाल्याच्या डब्यातलं एकेक काढून आणलं होतं तिनं — हिंग, जिरं, दालचिनी, मेथी, सुंठ, लवंग, आणखी काय काय. म्हणाली, ताई, मला झोप नाही. मला सगळं येतंय असं वाटतं, पण तू म्हणतेस म्हणजे काहीतरी असेल. तुझ्यासारखं नाक कुणाचंय? तू माझी परीक्षा घे. मी डोळे बांधते, तू एकेक डबी नाकाशी धर, आणि खरं सांग. तुझ्यावर सोपवलं.

तिनं माझीच ओढणी घेतली आणि डोळ्यांवर बांधली. माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसली, मांडीवर हात ठेवून, शाळेतल्या पोरीसारखी. मी पहिली डबी उघडून धरली. हिंग, ती म्हणाली. हिंगच होता. मी ‘बरोबर’ म्हटलं. दुसरी. सुंठ. बरोबर. तिसरी — जिरं, ती म्हणाली. डबीत जिरंच होतं. मी बघत होते ना, मला दिसत होतं. मी म्हटलं, नाही गं. मेथी.

परत दे, म्हणाली. मी पुन्हा तीच डबी धरली. तिनं खोल श्वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या. ‘मला तर जिरंच येतंय,’ ती म्हणाली. मी डबी मिटली, पुढची उघडली. दालचिनी, तिनं सांगितलं, बरोबर सांगितलं. मी म्हटलं, लवंग आहे.

सगळं बरोबर येत होतं तिला. एकही चुकली नाही. मी तिला सांगितलं की निम्म्याहून जास्त चुकलं.

का? त्या खोलीत पाहुणे नव्हते, साहेब नव्हते. कुणी मला पकडणार नव्हतं. ती पास झाली असती तर सोमवारी ऑफिसात जाऊन म्हणाली असती का, की माझं नाक ठीक आहे, तपासा? कदाचित. मग कुणीतरी विचारलं असतं की शोभा मॅडम, तुमचं? — हो, ती भीती होती. पण तेवढीच नव्हती. मला खरं ते सांगायचंय. तिच्या नाकाखाली मी डबी धरत होते आणि मला स्वतःला काही येत नव्हतं, आणि ती डोळे बांधून एकेक नाव घेत होती, अगदी सहज, जिरं, दालचिनी — आणि मला वाटलं, असू दे की हिचंही गेलेलं. निदान मी एकटी नाही राहणार.

तिनं ओढणी सोडली. डोळे ओले होते. डब्या मी तोवर मिटून पिशवीत भरल्या होत्या. ‘बरं झालं तू सांगितलंस,’ ती म्हणाली. ‘बाकी कुणी सांगितलं नसतं.’ मी तिला चहा दिला. तिनं कप नाकाशी नेला आणि तसाच धरून बसली, बराच वेळ. मग पिऊन टाकला.

तिनं स्वतःच अर्ज करून पॅनेल सोडलं. तिला तळ्यांच्या उत्पादनाचे आकडे जुळवायला बसवलं, वरच्या मजल्यावर. लोक म्हणाले, किती प्रामाणिक बाई. आणि मी? मी पॅनेलवरच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती गोष्ट मी चोराच्या जागी बसून बघितली. लता गेल्यावर बघायला भुवई नव्हती, म्हणून मी शंका आली की सरळ नापास करायला लागले. मॅडम आता फार कडक झाल्या, असं नाव झालं. त्यात कुणाकुणाचा चांगला माल परत गेला असेल, देव जाणे. त्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत.

लताचं माझ्याकडे येणं कमी झालं. भांडण नाही. तिला माझ्यासमोर लाज वाटायची, असं मला वाटतं. ती लाज माझी होती आणि ती पांघरून लता हिंडत होती. पुढे तिनं मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि नांदेडला गेली, मुलाकडे. निघताना स्टेशनवर मी गेले होते. तिनं मला मिठी मारली, आणि मी श्वास घेतला. तिच्या केसांना काहीतरी वास असणारच. मला माहीत नाही कसला.

आता मीही निवृत्त आहे. क्वार्टर सोडलं, दिल्लीतच द्वारकेला सोसायटीत राहते, सातव्या मजल्यावर. नवरा अजून नागपुरातच रमलेला. मुलगी महिन्यातून एखाद्या रविवारी येते, अत्तर लावून येते म्हणे, मी ‘छान आहे’ म्हणते. पॅनेल नाही, साहेब नाहीत, कुणी मला काढून टाकणार नाही. मी आज खरं बोलले तर माझं काडीचंही नुकसान नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं गेल्या महिन्यातलं आहे.

गेल्या महिन्यात लताचा फोन आला. तिला नात झालीय. आवाज पूर्वीसारखा, नाचरा. सांगत होती, बाळाला रोज तेल लावते, आंघोळ घालते, वावडिंगाची धुरी देते, मग दुपट्यात गुंडाळून छातीशी घेऊन बसते. मग म्हणाली, ‘ताई, एक विचारू? हसू नकोस. तिच्या टाळूला नाक लावलं ना, की मला वास येतो गं. धुरीचा, तेलाचा, आणि तिचा स्वतःचा. अगदी स्पष्ट येतो. पण माझं तर गेलंय ना. मग हे मनाचेच खेळ असतील, नाही?’

मला वेळ होता. तिनं घाई केली नाही, उत्तराची वाट बघत राहिली. मागे बाळ कुरकुरत होतं.

मी म्हटलं, ‘हो गं. मनाचेच असतील.’

‘तेच म्हटलं मी,’ लता म्हणाली, आणि बाळाला घ्यायला उठली.